धावती गाडी आणि टपालाची पिशवी

प्रश्न : मी चाकणच्या एका मोटार कारखान्यात असेंब्ली लाइनवर कामाला आहे. रात्रपाळीच्या सुट्टीत मित्राने मोबाइलवर एक जुना इंग्रजी माहितीपट दाखवला. त्यात आगगाडी सुसाट जाते, रुळांशेजारी टांगलेली टपालाची पिशवी खाडकन डब्यात येते आणि डब्यातली पिशवी बाहेरच्या जाळीत जाऊन पडते. गाडी थांबतच नाही. माझे सासरे म्हणतात, असलं आपल्याकडेही चालायचं, मिरज लाइनला त्यांनी स्वतः पाहिलंय. खरं आहे का? आणि एवढ्या वेगात पिशवी फाटत कशी नाही? – एक वाचक, चाकण

उत्तर : सासऱ्यांनी पाहिलं ते खरं, फक्त ती टपालाची पिशवी नव्हती. त्याकडे नंतर येतो. आधी पिशवी फाटण्याचं बघू, कारण त्याचं निम्मं उत्तर तुम्हाला रोजच्या कामातून ठाऊक आहे.

तुमच्या लाइनवर गाडीचा सांगाडा सरकत असतो आणि तुम्ही त्याच्यासोबत चालता चालता बोल्ट आवळता. पार्टची ट्रॉली शेजारून त्याच चालीने येते. लाइन चालू असते, पण तुमच्या आणि सांगाड्याच्या वेगात फरक उरत नाही. म्हणून हातातला पार्ट शांतपणे जागेवर बसतो. धावत्या वस्तूला काही द्यायचं, तर हा सगळ्यांत सभ्य मार्ग. आपणही तिच्याइतकंच धावायचं.

ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या मेलगाडीशेजारी पोस्टमनला पिशवी घेऊन धावता येत नाही. वेग जुळवणं शक्य नसेल, तर दुसरा मार्ग उरतो तो झटका पचवण्याचा. क्रिकेटमध्ये उंच झेल घेणारा गडी चेंडू तळव्यात येताच हात पोटाकडे ओढतो, ते याचसाठी. हात ताठ ठेवला तर चेंडू उसळतो आणि बोट सुजतं.

जरा हिशेब करू. पिशवी पंचवीस किलोची धरा आणि गाडीचा वेग ताशी शंभर किलोमीटर. स्थिर टांगलेल्या पिशवीला गाडीतल्या जाळीने एकदम त्या वेगावर न्यायचं, म्हणजे ती पिशवी सुमारे एकोणचाळीस मीटर उंचीवरून, तेराव्या मजल्याच्या गच्चीवरून म्हणा, खाली सोडून झेलण्यासारखं आहे. झेलताना जाळीने दहा सेंटिमीटरच ढील दिली, तर पिशवीवर सरासरी दहा टनांच्या आसपास जोर येतो. दोर आणि आकडे यांची मिळून एक मीटर ढील मिळाली, तर तोच जोर एका टनावर उतरतो. एक टनही थोडा नाही, पण जाड कातड्याचं, चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेलं पुडकं तो सोसतं. म्हणून माहितीपटात तुम्हाला साधी गोणपाटाची थैली दिसली नसणार. टपालाच्या थैल्या आधी जाड चामड्याच्या आवरणात गुंडाळत आणि मग ते पुडकं टांगत. सगळी युक्ती जाळीच्या झोळात आणि त्या कातड्यात आहे. बाकीचं लोखंडकाम कुठल्याही बऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात होईल, तुमच्या भोसरीत तर दोन दिवसांत.

हा उद्योग इंग्लंडात सुरू झाला 1838 साली. त्या वर्षी जानेवारीत बर्मिंगहॅम ते लिव्हरपूल या ग्रँड जंक्शन रेल्वेवर घोडे नेण्याच्या एका डब्यात फेरफार करून पहिलं फिरतं टपाल कार्यालय चालवलं गेलं. गाडीत बसून पत्रं छानायची, म्हणजे गाडी पोचेपर्यंत काम उरकलेलं. ही कल्पना चालली आणि लगेच दुसरी अडचण पुढे आली. वाटेतल्या बारक्या गावांसाठी दर वेळी गाडी थांबवायची, तर छाननीत वाचलेला वेळ थांब्यांत जायचा. नॅथॅनियल वर्सडेल नावाच्या डबे बांधणाऱ्या कारागिराने त्याच वर्षी पिशवी-बदलाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. टपाल खात्याला त्याची किंमत परवडेना. मग खात्यातल्याच जॉन रॅम्सेने आपलं यंत्र करून दिलं. पुढे 1848 च्या सुमारास जॉन डिकरने ते सुधारलं, आणि मूळ चाल तीच ठेवून ते सव्वाशे वर्षं टिकलं. सरकारी खात्यांनी पेटंटवाल्याला टाळून घरच्या माणसाकडून काम करून घेण्याची रीत फार जुनी आहे म्हणायची.

काम असं चालायचं. रुळांशेजारी एक खांब, त्याच्या आडव्या हाताला कातडी पुडकं टांगलेलं. गाडीच्या कडेला दोरांची जाळी, एरवी डब्याला चिकटलेली, वेळ आली की दांडा ओढून बाहेर उघडायची. ती उघडी असेपर्यंत डब्यात घंटा वाजत राही, कारण उघडी जाळी विसरून गाडी पुलाच्या कमानीत शिरली तर काय होईल ते सांगायला नको. उलट दिशेचं पुडकं डब्याबाहेर निघणाऱ्या लोखंडी हाताला लटकवलेलं, ते रुळांशेजारच्या दुसऱ्या जाळीत अडकायचं. दोन्ही देवाणघेवाणी काही सेकंदांत, एकाच ठिकाणी.

आणि रात्री अंधारात नेमकी जागा कळायची कशी? रुळांच्या कडेला पांढऱ्या फळ्या असत. पण मुरलेला माणूस कानावर विसंबायचा. अमुक दोन पूल गेले, की रुळांच्या सांध्यांचे ठोके मोजायचे आणि ठरल्या ठोक्याला दांडा ओढायचा. तुम्ही पाहिलेला माहितीपट बहुतेक 1936 चा ‘नाइट मेल’ असावा. लंडनहून स्कॉटलंडला जाणाऱ्या टपालगाडीवरचा, हॅरी वॉट आणि बेसिल राइट यांचा. त्यात नवख्या कारकुनाला हे मोजणं शिकवतात तो प्रसंग आहे, तो पुन्हा पाहा. आता सलग वेल्ड केलेल्या रुळांवर ते ठोकेच उरले नाहीत. डब्यात बसलो की मला त्यांची आठवण होते. झोप त्यांनीच यायची.

अमेरिकेत हाच प्रश्न जरा रांगडेपणाने सोडवला. तिथे खांबावर टांगलेली थैली मधोमध पट्ट्याने आवळलेली, डमरूसारखी. डब्याच्या दारात एक लोखंडी आकडा. कारकून तो ऐन वेळी उचलायचा, आकडा थैलीच्या कमरेत अडकायचा आणि थैली आत. द्यायची थैली मात्र कारकून चक्क लाथ मारून बाहेर ढकलायचा. लाथ कमी पडली, तर हवेच्या ओढीने थैली चाकांखाली जायची आणि पत्रांचे तुकडे रुळांवर उडायचे. टपाल कारकून त्याला हिमवादळ म्हणत.

ब्रिटनमधली शेवटची धावती देवाणघेवाण 1971 च्या ऑक्टोबरमध्ये पेनरिथजवळ झाली. अमेरिकेतलं शेवटचं फिरतं टपाल कार्यालय न्यूयॉर्क–वॉशिंग्टन मार्गावर 30 जून 1977 ला बंद पडलं. विमान, ट्रक आणि यंत्राने होणारी छाननी आल्यावर धावता डबा कशाला हवा? तुमचे कुणी नातेवाईक इंग्लंडात असतील, तर त्यांना डिडकॉटच्या रेल्वे केंद्रात जायला सांगा. तिथे हे यंत्र अजून चालवून दाखवतात.

आता आपल्याकडचं. फिरतं टपाल कार्यालय आपल्याकडेही लवकर आलं. 1 मे 1863 ला अलाहाबाद ते कानपूर मार्गावर गाडीत बसून टपाल छानणं सुरू झालं, आणि त्यातूनच पुढे रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे आपली आरएमएस, उभी राहिली. पुणे स्टेशनाजवळची आरएमएस कुणाला माहीत नाही? नोकरीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी सगळी पोस्टं बंद झाल्यावर पिंपरी-चिंचवडहून लोकल पकडून तिथे धापा टाकत पोचलेली एक अख्खी पिढी आहे. मीही त्यातला. आणि ज्यांना आरएमएसही गाठता आली नाही, ते गाडीच्या टपाल डब्याला असलेल्या लाल पेटीत ‘लेट फी’चं जादा तिकीट लावून पत्र टाकत.

पण आपल्या टपाल डब्यातले सॉर्टर पिशव्या उतरवत ते गाडी फलाटाला लागल्यावर. पिशव्यांची यादी, मोजणी, दोन्ही बाजूंच्या सह्या, मग शिट्टी. विलायती जाळ्यांची चाल आपल्याकडे रुळली नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण आपल्या गाड्यांच्या स्वभावात आहे. त्या तशाही थांबतच होत्या.

आपल्याच मार्गाचं घ्या. 1858 मध्ये खंडाळा–पुणे रेल्वे सुरू झाली, तेव्हा बोरघाट मध्ये आडवा होता. मुंबईहून आलेली गाडी खोपोलीला संपायची आणि माणसं घाट चढून खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची. घाटातली लाइन 1863 च्या एप्रिलमध्ये खुली झाली, अलाहाबाद–कानपूरच्या टपालाआधी काही दिवस. तेव्हाही घाटात एक उलटं स्टेशन होतं. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट दिशेने पुढे निघावं लागे. हा प्रकार 1929 पर्यंत चालला. त्यानंतर विजेची इंजिनं आली, तरी कर्जतला मागून जोर लावणारी बँकर इंजिनं जोडायला गाडी थांबते ती थांबतेच, दख्खनची राणी असली तरी. उतरताना ब्रेक तपासायला लोणावळ्याला थांबायचं. वाफेच्या काळात पाणी भरायलाही थांबत. ब्रिटनमध्ये 1860 पासून रुळांच्या मधोमध लांबलचक पाण्याचे हौद करून धावत्या इंजिनाने पाणी ओढून घेण्याची सोय होती. आपल्याकडे इंजिन पाण्याच्या खांबाखाली उभं राहून निवांत पाणी प्यायचं, आणि तोवर डब्यातली माणसं वडा-चहा उरकायची. ज्या गाडीला आठ कारणांनी थांबायचंच आहे, तिच्या टपालासाठी जाळ्या कोण बांधणार?

मात्र एक वस्तू अशी होती, जी आपल्याकडेही धावत्या गाडीतच दिली-घेतली जायची. तुमच्या सासऱ्यांनी पाहिली ती हीच.

पुणे–मिरज मार्ग दशकानुदशकं एकेरी होता. एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांमधल्या टप्प्यासाठी एक परवाना असे. पोलादी गोळा, त्यावर स्टेशनांची नावं आणि क्रमांक कोरलेले. दोन्ही स्टेशनांत एकमेकांशी विजेच्या तारेने जोडलेली दोन यंत्रं, नीलची टोकन यंत्रं म्हणत त्यांना. पलीकडच्या मास्तरने संमती दिल्याशिवाय अलीकडच्या यंत्रातून गोळा सुटत नाही, आणि एक गोळा बाहेर असताना दोन्हींपैकी कुठल्याच यंत्रातून दुसरा निघत नाही. तो गोळा हातात आला तरच ड्रायव्हरने पुढे जायचं. ज्या गाडीला त्या स्टेशनावर थांबा नाही, तिलाही तो घ्यावाच लागे. म्हणून गोळा चामड्याच्या थैलीत, थैली वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली, आणि पॉइंट्समन ते कडं उंच धरून रुळांशेजारी उभा. गाडी वेग कमी करून येते. इंजिनातला सहायक एक हात बाहेर काढतो, कडं थेट खांद्यापर्यंत हातात ओवून घेतो आणि मागच्या टप्प्याचं कडं फलाटावर फेकून देतो.

लहानपणी आजोळी जाताना मी हे दृश्य खिडकीतून पाहिलंय. रात्री पॉइंट्समनच्या एका हातात मशाल असायची, तिच्या उजेडात ते कडं दिसायचं आणि पुढच्याच क्षणी नाहीसं व्हायचं. आम्हाला वाटायचं, तो माणूस गाडीला बांगडी भरतोय.

ज्याच्यासाठी गाडी थांबवणं परवडतं, ते आपण थांबवून दिलं. पण पुढे जाण्याच्या परवान्यासाठीच गाडी थांबवायची तर एकेरी मार्गावरच्या प्रत्येक खेड्यात ती थांबेल, आणि मग मेल काय नि पॅसेंजर काय.

प्रश्न : मी पिंपरीला राहते, माहेर चाकणचं. अंतर पंचवीसेक किलोमीटरचं, एकाच कंपनीच्या बस दोन्हीकडे जातात. मग आमचा पिनकोड 411 ने आणि चाकणचा 410 ने का सुरू होतो? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुमचा प्रश्न वरच्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ आहे, म्हणून इथेच घेतो.

पिनकोड ही एका मराठी माणसाची कामगिरी. श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी, नाटककारही. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा आणि तिसरा छाननीच्या जिल्ह्याचा. पुढचे तीन आकडे त्या जिल्ह्यातलं नेमकं पोस्ट सांगतात. टपालाच्या दृष्टीने जिल्हा म्हणजे पत्रांची थैली कुठे फोडायची ते ठिकाण, कलेक्टर कचेरीचा नकाशा नव्हे. पुण्याचं नागरी टपाल 411 मध्ये आणि पिंपरीही त्यात, 411018. चाकण 410501. त्याच 410 मध्ये जुन्नर आहे, लोणावळा आहे, आणि घाट उतरून कर्जत-पनवेलही आहे. चाकण टपालाच्या हिशेबात पिंपरीपेक्षा पनवेलच्या पंगतीला बसलंय, हे ऐकून तुमच्या माहेरची मंडळी जरा हसतील.

याचा गाडीशी संबंध असा, की धावत्या डब्यातल्या सॉर्टरसमोर भिंतभर खण असत आणि हातात पत्रांचा गठ्ठा. डबा हलतोय, दिवा हलतोय, पत्ता मोडीच्या वळणाचा. महाराष्ट्रात पिंपरी नावाची गावं किती, विचारू नका. बुद्रुक, खुर्द, दुमाला अशा शेपट्या लावूनही ती संपत नाहीत. सहा आकडे आले आणि सॉर्टरला गावाचं नाव वाचायची गरजच उरली नाही, पहिले तीन आकडे पाहून पत्र खणात. त्याच आकड्यांमुळे पुढे यंत्रालाही पत्रं छानता येऊ लागली, आणि धावत्या डब्यातली छाननी हळूहळू जमिनीवर उतरली.

चाकणला अर्थात हा डबा कधी आलाच नाही. शायिस्ताखानाला छप्पन दिवस झुंजवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्यांच्या या गावाला आगगाडीने अजून शिवलेलं नाही. सगळ्यांत जवळचं स्टेशन तळेगाव. पुणे–नाशिक लाइनची चर्चा चालू असते, तोवर टपाल मोटारीने.

प्रश्न : वेताचं कडं हाताने घेताना लागत नाही का? – इयत्ता नववीतला एक वाचक, आकुर्डी

उत्तर : लागतं रे. गोळा, थैली, कडं मिळून एक किलो वजन धर. गाडी ताशी तीस किलोमीटरने येत असेल आणि हात अर्धा मीटर मागे झुलला, तर खांद्यावर सात किलोंच्या आसपास जोर येतो. सोसण्यासारखा आहे. गाडी शंभरच्या वेगाने आली तर तोच जोर अठ्ठ्याहत्तर किलोंवर जातो, म्हणजे हातावर एक अख्खा माणूस लटकला. म्हणून वेग कमी करायचाच.

स्कॉटलंडमध्ये ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड रेल्वेचे इंजिनप्रमुख जेम्स मॅन्सन यांनी हातांनी टोकन घेताना माणसं जायबंदी होताना पाहिली आणि 1880 च्या दशकाच्या शेवटी इंजिनाच्या कडेला बसवायचं एक यंत्र केलं. इंजिनावरचा आकडा आणि खांबावरचा आकडा एकमेकांना गाठायचे, माणसाचा हात मध्ये नाही. त्यावर त्यांनी पैसे कमावले नाहीत, दुसऱ्या कंपन्यांनीही ते वापरावं म्हणून. आपल्याकडे मात्र हातच चालू राहिले.

आणि कडं घेणं सोपंच म्हण. फेकलेलं परत मिळवणं जास्त कष्टाचं. गाडीतून भिरकावलेलं कडं फलाटावर पडलं तर ठीक, नाहीतर घरंगळत थेट बाभळीत. तो गोळा यंत्रात परत टाकल्याशिवाय त्या टप्प्यासाठी पुढचा गोळा सुटत नाही. सापडलाच नाही, तर यंत्र बाजूला ठेवून कागदावर परवाने लिहायचे आणि सिग्नलखात्याचा माणूस येईपर्यंत सगळ्या गाड्या त्या कागदांवर चालवायच्या. म्हणून गाडीचा लाल दिवा वळणाआड गेल्यावरही लहान स्टेशनात बराच वेळ एक कंदील इकडेतिकडे फिरत राहायचा. पॉइंट्समन काट्यांत वाकून गोळा शोधत असायचा.